दाब बरोबर, तरी गाडी बिघडलेली!

नळाखाली एक बादली ठेवा आणि नळ चालू करा. थोड्या वेळाने बादली काठोकाठ भरेल आणि पाणी काठावरून वाहू लागेल. आता त्या बादलीच्या बुडाजवळ खिळ्याने एक बारीक भोक पाडले, तर आतल्या पाण्याची पातळी किती खाली जाईल?

हा प्रश्न मी दर वर्षी अकरावीच्या वर्गात विचारतो. "थोडी खाली जाईल," "अर्धी होईल," "भोकापर्यंत येईल," अशी उत्तरे येतात. खरे उत्तर असे की, जोवर नळाची धार भोकातून जाणाऱ्या पाण्यापेक्षा मोठी आहे, तोवर पातळीत डोळ्यांना दिसेल असा फरक पडणारच नाही. बादली पूर्वीसारखीच काठोकाठ भरलेली दिसेल. फरक पडेल तो एकाच ठिकाणी. काठावरून वाहून जाणारे पाणी तेवढे कमी होईल. म्हणजे नुसती पातळी पाहणारा माणूस शपथेवर सांगेल, की ही बादली मुळीच गळत नाही!

वर्गात हा प्रश्न मोठ्या ऐटीत विचारणारा मी. पण तोच प्रश्न जेव्हा माझ्या मोटारीने मला विचारला, तेव्हा मी सपशेल चुकलो. त्या चुकीची ही हकीकत आहे. तिच्यात पैसे गेले, एक दिवस गेला आणि आणखी काही आठवडे तसेच काढले असते तर इंजिनही गेले असते.

गाडीचे दुखणे

माझी गाडी २००४ सालची, चार सिलिंडरची लहानशी पेट्रोल गाडी. एका लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर धावणारी ही गाडी हळूहळू बारा-तेरावर आली. सकाळी इंजिन थंड असताना ती बिनतक्रार सुरू होई. पण बाजारात दहा मिनिटे थांबवून पुन्हा किल्ली फिरवली की स्टार्टर बराच वेळ घरघरत राही आणि मग मागून काळ्या धुराचा एक लोट सोडून इंजिन जागे होई. हमरस्त्यावर ती चांगली धावे. चौकात सिग्नलला उभी राहिली की मात्र अडखळे, थरथरे. पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या बाहेर निघाले. प्लग काढून पाहिले तर ते काजळीने काळेकुट्ट झालेले.

आणखी एक गोष्ट मला दिसली होती, पण तिचा अर्थ मी उलटा लावला. इंजिनातील तेल मोजण्याची पट्टी काढून पाहिली, तर तेलाची पातळी खाली जाण्याऐवजी किंचित वरच आली होती. "वा! आपली गाडी तेल खात नाही," म्हणून मी खूश झालो. तेल आपोआप वाढत नसते, एवढा साधा विचारही माझ्या मनात आला नाही.

आमच्या मिस्त्रींनी प्लग बदलले, हवेची गाळणी बदलली. काही उपयोग झाला नाही. मग ते म्हणाले, "सर, पेट्रोल जास्त जातंय. एकदा रेग्युलेटर बघू या." रेग्युलेटर म्हणजे इंधनाचा दाब नियंत्रित करणारा भाग, इंधन-दाब नियामक. मी म्हणालो, "बघायचं कशाला? मोजू या की!" दाबमापक जोडला. इंजिन संथ चालू असताना काटा २.४ बारवर स्थिर उभा राहिला. गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात जवळजवळ हाच आकडा होता. मी निकाल दिला, "दाब बरोबर आहे, म्हणजे नियामक ठीक आहे. दोष इंजेक्टरमध्ये असणार." मिस्त्रींनी माझा मान राखला. चारही इंजेक्टर काढले, धुतले, पुन्हा बसवले. गाडी होती तशीच राहिली.

माझे मोजमाप अचूक होते, निष्कर्ष मात्र चुकीचा होता. असे का झाले, हे समजण्यासाठी आधी या नियामकाची ओळख करून घेऊ.

पेट्रोलची तोटी

एक लिटर पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. वजनात सांगायचे तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग. हवा कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळते. मग काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि काळा धूर. पूर्वीच्या गाड्यांत हे मिश्रण कार्ब्युरेटर करत असे. आपल्याकडे २००० सालापासून देशभर धुराचे निकष कडक होत गेले आणि कार्ब्युरेटरची जागा इंजेक्टरने घेतली.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी एक अतिशय बारीक तोटी. चार सिलिंडरना चार इंजेक्टर. त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या सामाईक नळीला गॅरेजमध्ये 'रेल' म्हणतात. इंजेक्टरचे तोंड उघडते ते इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये. गाडीतला छोटा संगणक प्रत्येक वेळी ही तोटी सेकंदाचे काही हजारावे भाग उघडतो आणि बंद करतो.

आता नीट लक्ष द्या. संगणक पेट्रोल मोजत नाही. तो फक्त वेळ मोजतो. "इतका वेळ तोटी उघडली, म्हणजे इतके पेट्रोल गेले," असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब बरोबर ठरण्यासाठी तोटीतून पेट्रोल नेहमी ठरावीक वेगानेच यायला हवे. हा वेग कशावर अवलंबून असतो? तोटीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकावर. टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ साली प्रसिद्ध केलेला नियम तुम्हांला ठाऊक असेल. भांड्याच्या भोकातून बाहेर पडणाऱ्या द्रवाचा वेग हा वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंचीऐवजी दाबाचा फरक म्हटले की तोच नियम इंजेक्टरला लागू पडतो. दाबाचा फरक चौपट केला तर वेग दुप्पट होतो.

आकडे घालून पाहा. दाबाचा फरक ३ बार, म्हणजे ३०० किलोपास्कल. पेट्रोलची घनता घनमीटरला सुमारे ७४० किलोग्रॅम. वेग म्हणजे दाबाच्या फरकाची दुप्पट भागिले घनता, याचे वर्गमूळ. उत्तर येते सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर! गाडी सिग्नलला उभी असते, पण तिच्या तोटीतले पेट्रोल त्या क्षणीही हमरस्त्यावरच्या मोटारीच्या वेगाने धावत असते.

कुकरची शिट्टी काय सांभाळते?

दाब ठरावीक ठेवण्याची युक्ती तुमच्या स्वयंपाकघरात रोज चालू असते. कुकरच्या झाकणावरचे वजन म्हणजे आपली 'शिट्टी'. समजा, तिच्याखालच्या भोकाचे क्षेत्रफळ ७ चौरस मिलिमीटर आहे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा १०० किलोपास्कलने वाढला, की वाफ शिट्टीला ०.७ न्यूटन बलाने वर ढकलते. शिट्टीचे वजन साधारण ७० ग्रॅम असेल तर ती याच क्षणी उचलली जाते, जादा वाफ निघून जाते आणि दाब पुन्हा ठिकाणावर येतो.

पण शिट्टी नेमके काय सांभाळते? आतला दाब की आतल्या आणि बाहेरच्या दाबांतील फरक? तोच कुकर महाबळेश्वरला नेऊन पाहा. तेथे बाहेरची हवा विरळ, तिचा दाब सुमारे ८६ किलोपास्कल. शिट्टीचे वजन तेवढेच, म्हणून फरकही १०० किलोपास्कलच राहील; पण आतला एकूण दाब मुंबईतील २०१ ऐवजी १८६ होईल, आणि पाणी दोनेक अंश कमी तापमानाला उकळेल. शिट्टी सांभाळते तो फरक. आपल्याला गाडीतही हेच हवे आहे.

डबीतला पडदा

माझ्या गाडीतला नियामक रेलच्या टोकाला दोन बोल्टांनी बसवलेला आहे. बाहेरून पाहिले तर ती लिंबाएवढी पत्र्याची डबी. आत रबर चढवलेल्या कापडाचा एक लवचिक पडदा ताणून बसवलेला असतो. त्याच्यामुळे डबीचे दोन कप्पे होतात. एका कप्प्यात पेट्रोल. दुसऱ्यात एक जोरकस स्प्रिंग. पडद्याच्या मध्यभागी छोटी झडप असते आणि ती टाकीकडे परत जाणाऱ्या नळीचे तोंड झाकून बसलेली असते.

टाकीतला विजेचा पंप इंजिनाला लागेल त्याहून कितीतरी जास्त पेट्रोल सतत पाठवत असतो. दाब वाढला की पडदा स्प्रिंगला दाबून मागे सरकतो, झडप किंचित उघडते आणि जादा पेट्रोल टाकीत परत जाते. कुकरच्या शिट्टीचेच हे काम, फक्त वजनाऐवजी स्प्रिंग. पडद्याचे क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर धरले तर ३०० किलोपास्कल दाबाने त्यावर २१० न्यूटन बल येते, म्हणजे सुमारे २१ किलोग्रॅम वजनाचा भार. लिंबाएवढ्या डबीतली स्प्रिंग एवढा भार पेलते!

आता खरी गंमत. स्प्रिंगचा कप्पा बंद नसतो. एका बारीक रबरी नळीने तो मॅनिफोल्डला जोडलेला असतो. कशासाठी? पडद्यावरच्या बलांचा समतोल मांडून पाहू :

इंधनाचा दाब × क्षेत्रफळ = स्प्रिंगचा जोर + मॅनिफोल्डचा दाब × क्षेत्रफळ

दोन्ही बाजूंना क्षेत्रफळाने भागा आणि मॅनिफोल्डचा दाब डावीकडे आणा :

इंधनाचा दाब − मॅनिफोल्डचा दाब = स्प्रिंगचा जोर ÷ क्षेत्रफळ

उजवीकडच्या दोन्ही राशी जवळजवळ कायम आहेत. म्हणून डावीकडचा फरकही कायम राहतो. आणि हा फरक म्हणजेच इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक!

मॅनिफोल्डमधला दाब सारखा बदलत असतो. इंजिन संथ चालू असताना हवेची वाट जवळजवळ बंद असते आणि दट्टे तर हवा ओढतच असतात. त्यामुळे तेथील दाब सुमारे ३५ किलोपास्कल इतका खाली येतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की वाट मोकळी होते आणि दाब वातावरणाइतका, म्हणजे सुमारे १०० होतो. रबरी नळीमुळे नियामकाला हा बदल तत्काळ कळतो. दाबमापकाचा काटा वातावरणाच्या तुलनेत दाब दाखवतो. म्हणून पूर्ण ॲक्सिलरेटरला तो ३०० दाखवील, आणि संथ चालीत ६५ ने कमी, म्हणजे २३५. काटा हलतो, पण फरक हलत नाही.

समजा, ही नळी निसटली किंवा तडकली. मग संथ चालीतही काटा ३०० वरच राहील. इंजेक्टरच्या दोन बाजूंतला फरक होईल ३६५. ३६५ भागिले ३००, याचे वर्गमूळ सुमारे १.१०. म्हणजे संगणकाच्या नकळत दहा टक्के पेट्रोल जास्त. एका फुटक्या नळीचा हा प्रताप!

जाता जाता थोडा इतिहास. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ साली आणलेल्या डी-जेट्रॉनिक या इलेक्ट्रॉनिक पद्धतीत इंधनाचा दाब वातावरणाच्या तुलनेत कायम ठेवलेला असे आणि मॅनिफोल्डच्या दाबाचा हिशेब विजेच्या मंडलाकडे सोपवलेला असे. १९७० च्या दशकातील एल-जेट्रॉनिक पद्धतीत हे काम मॅनिफोल्डला जोडलेल्या पडद्याकडे आले. पुढच्या काळातील बऱ्याच गाड्यांत नियामक पुन्हा टाकीत, पंपाशेजारी गेला आणि हिशेब पुन्हा संगणकाकडे आला. म्हणून आज प्रत्येक गाडीच्या इंजिनावर ही डबी सापडेलच असे नाही.

चोरी लपते कशी?

आता माझ्या चुकीकडे वळू. पडद्याला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले, असे समजा. पेट्रोलच्या कप्प्यातून स्प्रिंगच्या कप्प्यात पेट्रोल झिरपणार आणि तेथून त्याच रबरी नळीने थेट मॅनिफोल्डमध्ये जाणार. इंजेक्टरला न विचारता, संगणकाला न कळता.

दाबमापकाला तरी हे कळेल का? हिशेब करू. समजा, पंप ताशी ८० लिटर पेट्रोल पाठवतो. संथ चालीत इंजिनाला लागते ताशी ०.८ लिटर. बाकीचे ७९.२ लिटर नियामकातून परत जाते. आता छिद्रातून ताशी अर्धा लिटर पेट्रोल निसटू लागले. दाब किंचित उतरू पाहतो, तोच स्प्रिंग झडपेला केसभर पुढे ढकलते. परत जाणारे पेट्रोल ७९.२ ऐवजी ७८.७ लिटर होते आणि दाब होता तेथेच राहतो. ही तर आपली काठोकाठ भरलेली बादली! पातळी हलत नाही. फक्त काठावरून वाहणारे पाणी कमी होते. पंपाच्या हिशेबात अर्धा लिटर नगण्य आहे. पण ज्या इंजिनाला ०.८ लिटरच हवे, त्याच्या घशात आणखी अर्धा लिटर ओतणे म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक जादा झाले.

हमरस्त्यावर गाडी चांगली का धावे, हेही आता उलगडते. पडद्याच्या दोन बाजूंतला दाबाचा फरक नेहमी सारखाच असतो, म्हणून गळतीही नेहमी साधारण सारखीच राहते. वेगात जाताना इंजिन स्वतःच पुष्कळ पेट्रोल पीत असते; त्यात अर्ध्या लिटरची भर फारशी जाणवत नाही. सिग्नलला उभ्या गाडीत मात्र ती जाचक ठरते.

चोरीवर पांघरूण घालणारा दुसरा राखणदारही गाडीत आहे. धुराच्या नळीत एक ऑक्सिजन-संवेदक असतो. धुरात ऑक्सिजन फार कमी दिसला की संगणक समजतो, पेट्रोल जास्त झाले. आणि तो इंजेक्टर उघडण्याचा वेळ कमी करतो. गळती थोडी असेपर्यंत इंजिन ठाकठीक चालते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. गळती वाढून संगणकाची सुधारण्याची मर्यादा संपली, की मग सगळी लक्षणे एकदम दिसू लागतात.

या हकीकतीतला मुख्य धडा हा आहे. जी राशी कोणीतरी सांभाळून धरली आहे, तिचे माप घेऊन दोष सापडत नाही. ती सांभाळण्यासाठी किती धडपड करावी लागते आहे, ते पाहावे लागते. भर उन्हात तुमच्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपासच असते. पण घामाने सदरा भिजलेला असतो. तापमापी म्हणते, "सर्व काही ठीक." खरी गोष्ट सांगतो तो घाम. मी गाडीला तापमापी लावली; घाम पाहायला विसरलो.

चार प्रश्न, चार उत्तरे

इंजेक्टर धुऊनही गुण आला नाही, तेव्हा मिस्त्रींनी इंजिन बंद केले, नियामकावरची ती बारीक रबरी नळी हलकेच ओढून काढली आणि काही न बोलता माझ्यासमोर धरली. तिच्या टोकावर एक थेंब होता. पेट्रोलचा वास लांबूनही येत होता. ही नळी फक्त हवेसाठी असते. तीत पेट्रोलचा एक थेंबही दिसता कामा नये. दहा सेकंदांचे काम, आणि त्यासाठी एकही उपकरण लागले नाही!

मग आम्ही बाकीच्या चाचण्याही क्रमाने केल्या. प्रत्येक चाचणी म्हणजे गाडीला विचारलेला एक नेमका प्रश्न असतो, हे लक्षात ठेवून त्या वाचा.

१. रबरी नळी ओली आहे का? ओली असेल तर पडदा फाटला आहे. ही चाचणी निर्णायक.

२. इंजिन संथ चालू असताना नळी काढून तिचे तोंड बंद केले, तर दाब वाढतो का? साधारण अर्धा बार किंवा थोडा अधिक वाढला पाहिजे. न वाढल्यास नळी तुंबलेली आहे, फुटलेली आहे किंवा नियामक अडकला आहे.

३. इंजिन बंद केल्यावर दाब टिकतो का? चांगल्या गाडीत तो बराच वेळ टिकतो, म्हणून पुढच्या वेळी इंजिन चटकन सुरू होते. भरभर उतरत असेल तर पेट्रोलला पळायला कोठेतरी वाट आहे.

४. ती वाट कोणती? येथे खरी तर्काची मजा आहे. परत जाणारी रबरी नळी खास चिमट्याने दाबून धरा. दाब उतरायचा थांबला, तर नियामकाची झडप नीट बसत नाही. नाही थांबला, तर ती सोडून पंपाकडून येणारी नळी दाबा. आता थांबला, तर पंपातील एकेरी झडप सदोष. दोन्ही नळ्या दाबूनही दाब उतरतच राहिला, तर उरले इंजेक्टर आणि पडदा. आणि पडद्याची साक्ष पहिल्या प्रश्नातच मिळालेली असते.

माझ्या गाडीचे चौथ्या प्रश्नाचे उत्तर हेच आले. दोन्ही नळ्या दाबल्या तरी काटा उतरत होता. गरम इंजिन चटकन सुरू का होत नसे, याचाही खुलासा झाला. इंजिन थांबले तरी रेलमध्ये उरलेला दाब फाटक्या पडद्यातून पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये ढकलत राही. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की इंजिनाच्या वाट्याला आधी ते साचलेले पेट्रोल येई.

आणि तेलाची वाढलेली पातळी? न जळालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली तेलात मिसळत होते. पट्टीवरचे तेल बोटांवर घेतले तर पाण्यासारखे पातळ लागले आणि पेट्रोलचा वास आला. अशा तेलाचा थर बेअरिंगना वाचवू शकत नाही. ज्या खुणेवर मी खूश झालो होतो, तीच सर्वांत मोठी धोक्याची सूचना होती.

पडदा बदलताना

हे काम कसे होते, ते सांगतो; पण विद्यार्थी मित्रांनो, ते तुम्ही स्वतः करायचे नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही ठिणगीने पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून जमिनीलगत आणि खड्ड्यांत साचून राहते. बंद खोलीत, दिव्याजवळ किंवा गरम इंजिनावर हे काम करणे म्हणजे जिवाशी खेळ. जाणत्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये, लांब उभे राहून पाहा.

मिस्त्रींनी आधी इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू केले; रेलमधले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडले. त्यामुळे रेलमधला दाब उतरला. मग बॅटरीची ऋण तार सोडवली, म्हणजे ठिणगीची भीती नको. आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवले. नियामकाखाली फडके धरले, कारण दाब उतरला तरी थोडे पेट्रोल सांडतेच. रबरी नळी काढली, परतीची नळी सोडवली, दोन बोल्ट काढले आणि डबी हळूच फिरवत बाहेर घेतली.

डबीबरोबर एक रबरी कडे असते, त्याला ओ-रिंग म्हणतात. जुने कडे पुन्हा वापरायचे नाही. नवे कडे कोरडेच दाबले तर ते कापले जाते आणि मग पेट्रोल थेट गरम इंजिनावर गळते. म्हणून त्याला स्वच्छ तेलाचे बोट लावून, सरळ दाबून बसवले. नवा नियामक जुन्याच्याच दाबाचा आहे ना, हे त्यावरच्या क्रमांकावरून ताडून पाहिले. कारण स्प्रिंग वेगळी असेल तर संगणकाचा सारा हिशेब चुकेल. बोल्ट बेताने आवळले. बॅटरी आणि फ्यूज जोडून किल्ली नुसती 'चालू'वर दोनतीनदा फिरवली, म्हणजे पंपाने दाब भरला. आणि विजेरीच्या उजेडात प्रत्येक जोड कोरडा आहे, याची खात्री केल्यावरच इंजिन सुरू केले. शेवटी पेट्रोल मिसळलेले तेल काढून नवे तेल आणि नवी गाळणी घातली. हे विसरले तर आजार बरा होऊनही विष पोटात राहते.

जुनी डबी मिस्त्रींनी पकडीने उघडून दाखवली. पडद्याच्या घडीवर नखाएवढी चीर होती. रबर वीस वर्षांत कडक झाले होते. २०२३ पासून आपल्याकडे पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आहे. जुन्या गाड्यांतील काही जातींच्या रबरांना इथेनॉल मानवत नाही. माझ्या पडद्याचा घात वयाने केला की इथेनॉलने, हे ती चीर पाहून ठरवता येणार नाही. मात्र जुनी गाडी असेल तर रबराच्या नळ्या आणि जोड वेळोवेळी तपासायला हवेत, एवढे नक्की.

गाडी आता गरम असतानाही अर्ध्या किल्लीत सुरू होते. पीयूसीचा दाखला मिळाला. पट्टीवरची तेलाची पातळी मी अजूनही दर रविवारी पाहतो, आणि ती वर गेलेली नाही म्हणून खूश होतो!

तुम्ही करून पाहा

१. प्लॅस्टिकच्या एका उंच बाटलीला बुडाजवळ एक बारीक भोक पाडा. भोकाच्या वर २० सेंटिमीटर पाणी ठेवून दहा सेकंदांत येणारे पाणी मोजा. पातळी कायम राहावी म्हणून वरून पाणी घालत राहा. मग ५ सेंटिमीटर पाणी ठेवून तसेच मोजा. उंची चौपट असताना पाणी चौपट येते की दुप्पट?

२. सुरुवातीचा बादलीचा प्रयोग जुन्या डब्यावर करा. भोक पाडण्यापूर्वी आणि पाडल्यानंतर काठावरून वाहणारे पाणी एका मिनिटात किती येते, ते परातीत धरून मोजा. दोन्हींतील फरक आणि भोकातून आलेले पाणी यांची तुलना करा. वापरलेले सारे पाणी झाडांना घाला.

३. शिक्षकांनी वर्गात हा प्रश्न चर्चेला घ्यावा : घरातल्या फ्रिजच्या दाराचे रबर फाटले, तरी आतला थंडावा तसाच राहतो. मग दोष कोठे दिसेल? विजेच्या बिलाकडे पाहायचे कोणाला सुचते, ते बघा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला चटकन सुचले असेल, तर माझ्या गाडीच्या बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा हुशार ठरला असतात. आमच्या मिस्त्रींइतकेच!